कूलरचं पाणी

मार्च निम्मा सरला की आमच्या कॉलेजातले शिपाई कूलरमधलं गेल्या सालचं कुजलेलं गवत उपसून टाकतात आणि नवं भरतात. त्या नव्या गवतावर पहिलं पाणी पडलं की वर्गात एक वास सुटतो. ओल्या लाकडाचा, ओल्या पोत्याचा, थोडा गोडसर. आज सकाळी तो वास आला आणि मी फळ्यावर हृदयाचे कप्पे काढता काढता थांबले. मुलांना वाटलं, मॅडम विसरल्या. विसरले नव्हते. मला मागच्या वर्षीचा एप्रिल आठवला होता.

आमच्याकडे उन्हाळ्याचं कौतुक कोणी करत नाही. धुळ्यात अकरा वाजले की रस्ता ओस पडतो. रिक्षावाले कडुलिंबाखाली मागच्या सीटवर आडवे होतात, दुकानांपुढं हिरव्या जाळ्या खाली सुटतात, घराघरांत खिडक्यांना ओल्या चादरी लागतात. जळगावची माणसं आम्हाला हसतात. म्हणतात, तुमचं ऊन म्हणजे आमची सावली. दोघांच्याही वतीनं मी बोलू शकते, कारण माझं माहेर नशिराबादचं आणि सासर धुळ्याचं. दोन्ही भट्ट्यांत भाजून निघालेली बाई आहे मी.

पण उन्हाचं एक बरं असतं, त्याच्याशी भांडता येतं. शिव्या देता येतात, पाणी मारता येतं, लिंबाखाली जाऊन बसता येतं. मी सांगतेय तो कोंडमारा निराळा. बारावीची बोर्डाची परीक्षा संपते तेव्हा पोरं गेटातून नुसती उधळत बाहेर पडतात, एकमेकांच्या शर्टावर सह्या करतात. त्याच वेळी वीस-पंचवीस पोरं त्यांच्याकडे बघत जिना चढत असतात. ही आमची खास बॅच, डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची. त्यांना मे महिन्यापर्यंत सुटका नाही. त्यांची खोली वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. ऊन येऊ नये म्हणून खिडक्यांना पुठ्ठे ठोकलेले. दिवसाढवळ्या ट्यूबलाइट. बाहेर व्हरांड्यातल्या खिडकीला लावलेला कूलर एवढा घुमतो की मला पेशींचं विभाजनसुद्धा ओरडून शिकवावं लागतं. सकाळ आहे की दुपार, कळायला मार्ग नाही. मुलं त्या खोलीला वर्ग म्हणत नाहीत. नुसतं म्हणतात, "चला, आत."

मी जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे मीही आतच.

त्याच वर्षी आमच्याकडे मनाची हजेरी सुरू झाली होती. समुपदेशन करणाऱ्या एक ताई येऊन आम्हा शिक्षकांना शिकवून गेल्या. रोज पहिल्या तासाला पाच-दहा मिनिटं अभ्यास बाजूला ठेवायचा. प्रत्येकानं हात छातीशी धरून बोटं दाखवायची. मन प्रसन्न असेल तर पाच, फारच खचलेलं असेल तर एक. कोणी कोणाला हसायचं नाही. कमी बोटांच्या मुलाशी शिक्षकानं नंतर सवडीनं बोलायचं. मला ते आवडलं होतं. इतकी वर्षं हजेरी घेतली ती अंगाची, पोरगं बाकावर आहे ना, झालं.

पण आमच्या प्राचार्यांना जबाबदारीची फार धास्ती. त्यांनी त्यात स्वतःचं एक कलम घातलं. ज्याची बोटं एक किंवा दोन, त्याच्या घरी ऑफिसातून त्याच दिवशी फोन जायचा. सर वाईट माणूस नाहीत. ते शहरातले, दोन खोल्यांत वाढलेले. खानदेशातल्या घरी असा फोन गेला की काय होतं, याचा त्यांना अंदाज नव्हता. खरं सांगायचं तर मी गावातली असून मलाही तेव्हा सुचलं नाही.

हर्षदानं दोन बोटं दाखवली. सोनगीरच्या पलीकडच्या एका गावची पोर. घरी कापूस, कांदा. वसतिगृहात राहायची. दोन वेण्या घट्ट, बोलणं कमी, अक्षर मोत्यासारखं. तिच्या घराण्यात सायन्सला गेलेली ती पहिलीच. गावानं तिचं नाव कधीच टाकून दिलं होतं. आजोबा, म्हणजे आबा, वसतिगृहात फोन करायचे तेव्हा म्हणायचे, आमच्या डॉक्टरीणले द्या. किराणा दुकानदारही डॉक्टरीण म्हणायचा. गावातल्या म्हाताऱ्या तिला रस्त्यात थांबवून गुडघे दाखवायच्या. ती सतरा वर्षांची होती आणि तिला अजून कुठंच प्रवेश मिळाला नव्हता.

ऑफिसातून फोन गेला की पोरीला जरा बरं वाटत नाहीये. तासाभरात गेटाशी जीप उभी राहिली. आबा उतरले. पाठोपाठ तिचे वडील, ज्यांना ती भाऊ म्हणते. मग आई, काका, काकू, लग्नाची पत्रिका द्यायला आलेला मामा, आणि ज्याची जीप तो शेजारी. शेजाऱ्याची बायकोही होती, कारण जागा होती. आमच्याकडे दुखण्या-खुपण्याला एकट्यानं जात नाहीत. दवाखाना असो, सोयरीक असो की मयत, गाडी भरूनच जायचं. एकटा माणूस गेला तर लोक म्हणतात, यांना मायाच नाही. त्या जीपमध्ये मायाच भरलेली होती, यात मला तिळमात्र शंका नाही.

सगळे लिंबाखाली गोल करून बसले आणि मधोमध हर्षदा. प्रत्येक जण एकच विचारत होता, काय व्हयनं? आईनं तिच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. काकूनं कपाळाला हात लावला आणि ताप नाही असं जाहीर केलं. मामानं माझ्याकडे बघून विचारलं, मास्तरीण काही बोलल्या का. आबांनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले की डॉक्टरीणच आजारी पडली तर आमच्याकडे कोण बघणार. सगळे हसले. हर्षदाही हसली. म्हणाली, डोकं दुखत होतं, आता थांबलं. मग चहा झाला. तूप, लिंबं आणि ताज्या बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा देऊन माणसं गेली. जीप वळेपर्यंत ती हात हलवत उभी होती. वळल्यावर तिनं हात खाली घेतला, तेव्हा मी तिचा चेहरा पाहिला. तो मला आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी मनाची हजेरी घेतली तर सगळ्यांची पाच बोटं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही पाच. पुढं रोजच. वर्गभर पंजेच पंजे. एका पोराचे डोळे रडून सुजलेले, पण बोटं पाचच. प्राचार्य एकदा दारातून बघून गेले आणि खूश झाले. म्हणाले, बघा, उपक्रमाचा परिणाम. मला त्या दिवशी इतका राग आला की खडू हातातच मोडला. राग कोणाचा, ते सांगता आलं नसतं. सर मुलांच्या भल्यासाठी करत होते. आबा नातीच्या भल्यासाठी आले होते. मुलं घरच्यांच्या भल्यासाठी पाच बोटं दाखवत होती. सगळ्यांनीच एकमेकांचं भलं करायचं ठरवलं की बाहेर पडायला फटसुद्धा उरत नाही.

मला हे माहीत आहे, कारण मी त्यातून गेलेय. माझ्या दहावीला नशिराबादच्या आमच्या घरात सगळे चवड्यांवर चालायचे. वडिलांनी टीव्ही काकांकडे नेऊन ठेवला. भांडं पडलं तरी आई बहिणीवर डोळे वटारायची. पाहुण्यांनी मला त्रास देऊ नये म्हणून माझ्या खोलीला बाहेरून कडी. दारात कोणी आलं की आई म्हणायची, पोरगी घरी नाही, मावशीकडे गेलीय. मी आत बसून ते ऐकायची. मी घरात होते आणि घरी नव्हते. हायवेवरून केळीचे ट्रक जायचे. त्यांच्या आवाजावरून मी ओळखायची की दुपार कलली. ते ट्रक दिल्लीला जातात असं ऐकलं होतं. पुस्तक उघडं ठेवून मी त्यांच्याबरोबर बऱ्हाणपूर, खंडवा करत जायची. मला कोणी मारलं नाही, कोणी रागावलं नाही. दर तासाला दूध यायचं. मी अजूनही दूध तोंडाला लावत नाही.

तर पाच बोटं. पुढं काय करायचं, मला सुचत नव्हतं. वाट सापडली ती योगायोगानं, आणि तीही पाण्यामुळे.

एप्रिलात नळाचं पाणी वरच्या मजल्यावर चढेना. शिपाई पुतण्याच्या लग्नाला गावी गेलेले. कूलरला सारखं पाणी लागतं, नाहीतर तो गरम वारा फेकतो. मग आवारातल्या टाकीतून बादली भरायची आणि जिन्यानं वर आणायची. बादली मोठी, एकट्याला जड. पहिल्या दिवशी एका पोराला घेऊन मीच गेले. कडीला एका बाजूनं त्याचा हात, एका बाजूनं माझा. जिन्याच्या वळणावर तो अचानक सांगायला लागला की त्याला हल्ली झोप लागत नाही, डोळा लागला की पेपर राहून गेल्याचं स्वप्न पडतं. हाच पोरगा सकाळी पंजा दाखवत होता. आम्ही बादली ओतली आणि पुन्हा खाली गेलो. दुसऱ्या फेरीला त्यानं उरलेलं सांगितलं.

मग माझ्या लक्षात आलं. आमची माणसं समोरासमोर बसून मनातलं सांगत नाहीत. डोळ्यात डोळे घालून विचारलं की बरं शे म्हणतात आणि विषय संपवतात. पण कापूस वेचताना शेजारच्या सरीतल्या बाईला, शेंगा फोडताना जावेला, कुरडयांचा चीक हाटताना शेजारणीला आयुष्य सांगून मोकळ्या होतात. हात गुंतलेले हवेत आणि नजर कामावर. आम्ही मात्र पोरांना बाकावर सरळ बसवून, हात छातीशी धरून मन दाखवायला सांगत होतो.

शिपाई परत आले तरी मी कूलरचं पाणी त्यांना भरू दिलं नाही. रोज मधल्या सुट्टीनंतर वर्गात एवढंच विचारायचं, आज कूलरला कोण? एक जण उठून माझ्याबरोबर यायचा. बोटं नाहीत, फोन नाही. ज्याला बोलायचं तो बोलायचा, ज्याला नाही तो बादली नीट धरा म्हणायचा. कोणाच्या घरी काही कळवायचं असेल तर आधी त्याला विचारून, हा आमच्यातला करार. प्राचार्यांना मी म्हटलं, मुलांचे पाय मोकळे होतात. तेही खोटं नव्हतं.

हर्षदा पहिल्यांदा आली तेव्हा टाकीच्या पाण्याबद्दल बोलली. दुसऱ्यांदा म्हणाली, आत्ता घरी बिबडे घालत असतील, गच्चीवर साड्या अंथरून. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली होती. आखाजीला खानदेशातली प्रत्येक लेक माहेरी येते. लिंबाच्या फांद्यांना झोके बांधतात, बायका-पोरी गाणी म्हणतात. पण परीक्षा तोंडावर, म्हणून बॅचला सुट्टी नव्हती. मी म्हटलं, पुढच्या वर्षी जाशील. ती म्हणाली, पुढच्या वर्षी तर मी डॉक्टरीण असेन ना मॅडम. त्या सुरात काहीतरी होतं, पण बादली वर पोचली होती.

तिसऱ्या वेळी तिनं जिन्याच्या मध्यावर बादली खाली ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, सराव परीक्षेला मी या आठवड्यापासून काही लिहीत नाही. नाव घालते आणि बसते. मला येतं, पण हात चालत नाही." मी थांबले. ती पुढं म्हणाली, "वसतिगृहाच्या खिडकीतून सुरतची बस दिसते. रोज वाटतं, जाऊन बसावं. कोणालाच सापडू नये."

सुरत काही लांब नाही आणि सतरा वर्षांची पोर एकटी. मी तिला समजावलं नाही, दरडावलं नाही, कारण त्या क्षणी मला त्यातलं काहीच आलं नसतं. मी तिच्याशेजारी पायरीवर बसले. तिला विचारलं, डॉक्टर व्हायचंच नाही का. ती म्हणाली, तिला शेतातलं आवडतं, बियाणं, माती, रोपांचे रोग. हे तिनं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, कारण विचारणारा आधीच डॉक्टरीण म्हणून हाक मारायचा. मी विचारलं, घरी कोणाला सांगावंसं वाटतं. ती म्हणाली, भाऊंना. मग म्हणाली, पण ते एकटे येणार नाहीत. सगळे येतील, आणि सगळ्यांपुढं मी परत हसेन.

त्या दिवशी मी तिच्या परवानगीनं तीन गोष्टी केल्या. समुपदेशनाच्या ताईंशी तिला फोनवर बोलायला दिलं. वसतिगृह सांभाळणाऱ्या अक्कांना विश्वासात घेतलं, त्याच दिवसापासून त्या आपली खाट तिच्या खोलीत टाकून झोपू लागल्या. आणि भाऊंना फोन केला. पोरगी धड आहे हे आधी दोनदा सांगितलं. मग म्हटलं, तुमच्याशी बोलायचंय तिला, पण एकट्याशी. गाडी भरून आणू नका. मग त्यांनी विचारलं, "एकटाच?" एखाद्याला चपला न घालता ये म्हणावं, तसा तो आवाज होता.

ते आले. मोटारसायकलच्या मागं ठिबकच्या नळ्यांचं वेटोळं बांधलेलं. घरी नळ्या आणायला धुळ्याला जातो सांगून निघाले होते आणि खोटं पडू नये म्हणून आधी खरोखरच नळ्या घेऊन आले होते. उंच, वाळलेला माणूस, बोलताना सारखी टोपी काढून परत घालणारा. ऑफिसात बसवलं असतं तर दोघंही मान खाली घालून बसले असते. मी म्हटलं, भाऊ, कूलरमध्ये पाणी नाही, जरा पोरीला हात लावता का. त्यांना नवल वाटलं असणार, पण शेतकरी माणूस बादलीला नाही म्हणत नाही.

मी वर्गात शिकवत होते. बाहेर पावलं वर येत, पाणी ओतल्याचा आवाज येई, पावलं खाली जात. पहिल्या काही फेऱ्यांना नुसती पावलं. मग तिचा बारीक आवाज. मग पुन्हा पावलं, पण फार हळू. कूलर भरला असणार हे मला कळत होतं. थोड्या वेळानं पाणी खिडकीखालून आत झिरपायला लागलं, पहिल्या बाकाखाली पसरलं. पोरांनी दप्तरं उचलली, पाय वर घेतले. मी शिकवत राहिले. काय शिकवलं ते त्यांना आठवत असेल तर असेल.

शेवटी भाऊ दारात आले. टोपी काढली, घातली. म्हणाले, बरं, निघतो. आणि गेले. मी हर्षदाला विचारलं, काय म्हणाले. ती म्हणाली, काहीच नाही, नुसतं बरं म्हणाले.

त्यानंतरचे दिवस मला काढवेनात. फोन नाही, निरोप नाही. हवेत पान हलेना. आत तोच कूलर, तीच ट्यूबलाइट. ताई रोज तिच्याशी बोलायच्या, अक्का तिला ताटावर बसवून चार घास खायला लावायच्या. ती सकाळच्या हजेरीला बोटंच दाखवत नव्हती. मला वाटायला लागलं, मी तिला तिची एकमेव वाट वापरायला लावली आणि ती भिंतीवर जाऊन थांबली. गेटाशी एखादी जीप दिसली की त्यातून कोण उतरतंय ते मी थांबून बघायची.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी मोटारसायकल आली. एकटी. भाऊंनी प्राचार्यांना सांगितलं, पोरीला घरी नेतो, परीक्षा द्यायची नाही. सर कळवळून बोलले, हुशार मुलगी आहे, इतक्या जवळ येऊन वर्ष वाया जाईल. भाऊ म्हणाले, जाऊ द्या. हर्षदा सामान आणायला वसतिगृहाकडे पळत गेली. तिला पळताना मी पहिल्यांदाच पाहत होते. पुढं तिनं जळगावला शेतीच्या शिक्षणाला प्रवेश घेतला, पण त्या दुपारी ते कोणालाच माहीत नव्हतं.

आम्ही दोघं गेटाजवळच्या लिंबाखाली थांबलो. मी विचारलं, घरी काय म्हणाले. ते म्हणाले, आबांनी बोलणं टाकलंय. काका-मामांचं ठरलं होतं की सगळ्यांनी जाऊन पोरीची समजूत घालू. मग त्यांनी खिशातून किल्ली काढून दाखवली. शेजाऱ्याच्या जीपची. मागून कोणी येऊ नये म्हणून सकाळीच उचलून आणली होती. मी हसले, तेही हसले, आणि मग हसू थांबल्यावर किल्ली हातात तशीच धरून रस्त्याकडे बघत राहिले.

मला राहवलं नाही. म्हटलं, भाऊ, तुम्ही मानलंत तरी कसं? पोरीची आणि माझी तर आशाच संपली होती. ते म्हणाले, पोरीनं सुरतची बस म्हटलं, तिथंच माझे पाय थांबले. तोवर ते माझ्याशी सांभाळून, शहरी बोलत होते. आता ते सुटलं.

"मॅडम, मी बारावीले व्हतू, तव्हय मीबी सुरतले पळी गयथू. बठ्ठा घरना लोक माले लेवाले उनथात, जीप भरीसन. माय रडनी, आबांनी पोटशी धरं. पन का गयथू, हाई आजपावत कोनीच इचारं नही."

वसतिगृहाच्या बाजूनं हर्षदा पेटी ओढत येताना दिसत होती. अजून लांब होती. मी भाऊंकडे न बघता, तीच रस्त्याकडची नजर धरून विचारलं, "का गेला होतात, भाऊ?"

त्यांनी टोपी काढली. ती परत न घालता ते सांगू लागले.